विभागप्रमुखपद आणि संशोधन: चार्ज घेण्याआधीपासून चार्ज देईपर्यंत

विभागप्रमुखपदाचा आदेश हातात पडतो तेव्हा टेबलावर एखादा अर्धवट लेख, दोन-तीन विद्यार्थ्यांच्या प्रबंधाची प्रकरणे आणि चालू प्रकल्पाचा दुसरा हप्ता असे काही ना काही असतेच. पुष्कळ ठिकाणी तीन वर्षांनी चार्ज देताना तो लेख त्याच पानावर थांबलेला असतो. प्रशासनाचे काम तुकड्यांनी येते: एक सही, एक फोन, दहा मिनिटांची भेट, ‘सर, फक्त दोन मिनिटं’. संशोधनाला सलग दीड-दोन तास लागतात, आणि दिवसभरात सुटे मिळालेले दहा-दहा मिनिटांचे बारा तुकडे जोडून ते होत नाहीत. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या दोनच गोष्टींसाठी आहेत. आठवड्यातले थोडे पण सलग तास राखायचे, आणि त्या तासांत फक्त तुम्हालाच करता येईल असे संशोधनाचे काम करायचे.

हे मार्गदर्शन मुख्यतः महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत नव्याने विभागप्रमुख, अधिष्ठाता किंवा एखाद्या केंद्राचे संचालक झालेल्यांसाठी आहे. संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. नियमांचे आकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीतले आहेत. प्रत्येक विद्यापीठाचे परिनियम थोडे वेगळे असतात, ते आस्थापना विभागातून मागवून एकदा वाचून ठेवा.

पायरी १: चार्ज घेण्यापूर्वीचे पंधरा दिवस

एक कोरा कागद घ्या आणि चार रकाने आखा: काम, ते कुठपर्यंत आले आहे, माझ्यावाचून अडते का, पुढची तारीख. चालू असलेले प्रत्येक संशोधनाचे काम त्यात उतरवा. लेख, प्रकल्प, विद्यार्थी, कबूल केलेली पुस्तकातली प्रकरणे, परीक्षणासाठी आलेले लेख, सगळे. हा कागद जपून ठेवा, कार्यकाळ संपतानाही तो लागणार आहे.

मग क्रम लावा. जे काम ऐंशी टक्के झाले आहे ते पहिले, त्याचा विषय दुसऱ्या कामापेक्षा कमी आवडता असला तरीही. चार्ज घेण्याआधी एक लेख नियतकालिकाकडे गेलेला असला की पुढचे दोन-तीन महिने तो तिकडे परीक्षकांकडे असतो. ते महिने कार्यालय समजून घेण्यात जाणारच असतात. नवा मोठा प्रकल्प पहिल्या वर्षात मागू नका. नवे पद आणि नवा प्रकल्प एकाच जून महिन्यात सुरू झाले की दोन्हींची घडी बसत नाही.

पीएच.डी.चे नवे विद्यार्थी घेतानाही हात आखडता ठेवा. २०२२ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येते. ही कमाल मर्यादा आहे, ती भरलीच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. पद सांभाळताना पाच विद्यार्थ्यांची प्रकरणे नीट वाचून होत असतील तर सहावा घेणे म्हणजे त्या मुलाची किंवा मुलीची तीन-चार वर्षे पणाला लावणे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिला असेल तर नवा विद्यार्थी नियमानेच घेता येत नाही.

बाहेरची कामे मात्र धडाधड कमी करा. दुसऱ्या विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका, मौखिकी, निवड समित्या, अभ्यासमंडळे यांचे वर्षभराचे प्रमाण आधीच ठरवून टाका. उदाहरणार्थ, वर्षाला चार प्रबंधांचे परीक्षण आणि दोन निवड समित्या, बस्स. नकार त्याच दिवशी, दोन ओळींत, दुसरे नाव सुचवून कळवला की कोणी वाईट वाटून घेत नाही. आठवडाभर ताटकळवून दिलेला नकार मात्र लक्षात राहतो.

पायरी २: कामांची वाटणी लेखी आदेशाने करा

पहिल्या आठवड्यात विभागीय समितीची बैठक घेऊन कामे वाटून द्यायची. तोंडी वाटणी टिकत नाही. ‘शिष्यवृत्तीचं तुम्ही बघा’ असे सांगितलेले काम महिन्याभरात परत तुमच्या टेबलावर येते, कारण लिपिकाला सही विभागप्रमुखाचीच लागते. म्हणून कामाबरोबर सहीसुद्धा द्या. आदेश साधारण असा असावा:

‘विभागातील पुढील कामे १ जुलैपासून सोपविण्यात येत आहेत. प्रवेश व शिष्यवृत्ती: डॉ. …. अंतर्गत मूल्यमापन व परीक्षा अर्ज: डॉ. …. वार्षिक गुणवत्ता अहवाल व रँकिंगची माहिती: डॉ. …. खरेदी व जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही: डॉ. …. बोनाफाइड, ग्रंथालय व रेल्वे सवलतीच्या अर्जांवर डॉ. … यांनी ‘विभागप्रमुखांकरिता’ स्वाक्षरी करावी. प्रत्येकाने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच ओळींचा आढावा द्यावा.’

या आदेशाची प्रत आवक-जावक नोंदवहीत जावक क्रमांकासह जाऊ द्या, आणि एक प्रत सूचना फलकावर लावा. विद्यार्थ्याला कोणत्या कामासाठी कोणाचे दार वाजवायचे ते फलकावरच कळले तर निम्मी वर्दळ आपोआप कमी होते. काम वाटताना तरुण सहायक प्राध्यापकावर तीन समित्या आणि ज्येष्ठाकडे एकही नाही, असे होऊ देऊ नका. त्यालाही संशोधन करायचे आहे, आणि त्याच्या पदोन्नतीचे लेख याच वर्षांत व्हायचे आहेत.

काही कामे सोपवता येत नाहीत: पैशांची मंजुरी, रजेची शिफारस, गोपनीय अहवाल, तक्रारी. वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे विभागीय शैक्षणिक सचोटी समितीचे अध्यक्षही विभागप्रमुखच असतात, आणि तक्रार आल्यापासून ४५ दिवसांत त्या समितीला शिफारस द्यावी लागते. माहितीच्या अधिकाराखालच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची. जन माहिती अधिकारी तुम्ही असाल तर उशिराचा दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार, आणि तो स्वतःच्या खिशातून जातो. असा अर्ज आला की त्याच दिवशी कॅलेंडरवर पंचविसावा दिवस लिहून ठेवायचा.

पायरी ३: संशोधनाचे तास वेळापत्रकात छापून घ्या

नियमावली काय म्हणते ते आधी पाहा, कारण पुष्कळ नवे विभागप्रमुख संशोधनाचा वेळ चोरून घेतल्यासारखा घेतात. शिक्षकांच्या पात्रतेबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास, वर्षाला ३० आठवडे. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास. विस्तारकार्य आणि प्रशासन सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला त्यात दोन तासांची सवलत देता येते. आणि पदव्युत्तर विभागात रोज किमान दोन तास संशोधनासाठी द्यावेत, हेही त्याच नियमावलीत आहे. म्हणजे संशोधन हा तुमच्या कर्तव्याचाच भाग आहे, आणि तो वेळापत्रकात दिसायला कसलीच हरकत नाही.

हिशेब करून पाहू. अध्यापनाचे १२ तास, तयारी आणि तपासणीचे ६. उरले २२. त्यातले १४ कार्यालयाला, २ विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाला, ६ स्वतःच्या लेखनाला. कागदावर हे बसते. प्रत्यक्षात कार्यालय १४ वर थांबत नाही, म्हणून ते ६ तास आधी बांधून घ्यावे लागतात. प्रत्येकी दोन तासांचे तीन गट करा, सोम, बुध, शुक्र, सकाळी ८ ते १०. दहाच्या आत शिपाई केबिन उघडत नाही, फोन वाजत नाही. मात्र सकाळी घरात डबे, शाळा, आजारी माणसे अशी कामे असतात आणि ती आजही बहुतेक घरांत स्त्रियांच्याच वाट्याला येतात. अशा वेळी सकाळचा हट्ट धरू नका. आठवड्यातले दोन दिवस ११ ते १ आणि शनिवारची सकाळ घ्या. वेळ कोणती हा प्रश्न दुय्यम आहे, ती दर आठवड्याला तीच असली पाहिजे. विभागातल्या लोकांना सवय त्यानेच लागते.

जागा मात्र केबिन नको. केबिनमध्ये माणूस दिसला की दार ढकलले जाते. त्यात कोणाचा दोष नाही, ती खुर्ची भेटण्यासाठीच असते. ग्रंथालयातला संदर्भ कक्ष, प्रयोगशाळेमागची खोली, दुसऱ्या विभागातले एखादे रिकामे टेबल, असे काही पाहा. कुठे बसता ते फक्त एका माणसाला माहीत असावे, शक्यतो अधीक्षकाला किंवा वरिष्ठ लिपिकाला. त्याला तीनच कारणे सांगून ठेवा ज्यांसाठी उठवायचे: कुलगुरू किंवा कुलसचिव कार्यालयाचा तातडीचा निरोप, परीक्षेतला गोंधळ, कोणाच्या जिवाशी संबंधित गोष्ट. बाकी सगळे दहानंतर.

हे तीन गट सर्वसाधारण वेळापत्रकात ‘संशोधन’ म्हणूनच लिहा आणि ते वेळापत्रक अधिष्ठाता कार्यालयाला पाठवा. बैठकीची वेळ विचारली जाते तेव्हा ‘त्या वेळी माझा तास आहे’ असे सांगता येते, आणि ते खरे असते.

फाइल एकदाच हातात घ्यायची

टपाल आणि फाइली दिवसातून दोनदाच पाहा, साडेअकराला आणि साडेचारला. प्रत्येक फाइलवर तिथेच काहीतरी लिहा: मान्य, अमान्य, अमुक माहिती जोडून परत, किंवा अमुक यांच्याकडे. ‘चर्चा करावी’ हा शेरा शक्य तितका टाळा. तो लिहिला की फाइल पुन्हा येते, सोबत माणूस येतो, आणि दहा मिनिटांच्या कामाची पाऊण तासाची चर्चा होते. टिपणी स्वयंस्पष्ट नसेल तर लिपिकाला नमुना एकदा करून द्या: विषय, नियम, आधीचा निर्णय, खर्च आणि तरतूद, प्रस्ताव. पाच परिच्छेद. दोन आठवडे हे कटाक्षाने केले की टिपण्या सरळ यायला लागतात.

इतिवृत्त बैठक संपल्यावर त्याच संध्याकाळी लिहून घ्या. आठवड्याने लिहायला बसले की कोण काय म्हणाले यावरच दुसरी बैठक होते. बैठका मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीननंतरच ठेवा. उशिरा सुरू झालेली बैठक घरी जाण्याच्या वेळेमुळे लवकर संपते.

पदाचा ई-मेल वेगळा ठेवा. वैयक्तिक पत्त्यावर विभागाची पत्रे यायला लागली की लेखाच्या परीक्षकांचे उत्तर शिष्यवृत्तीच्या स्मरणपत्रांखाली गाडले जाते, आणि ‘सुधारून पाठवा’ची मुदत निघून जाते. चांगले लेख असेही हातचे गेले आहेत.

पायरी ४: वर्षाचा नकाशा भिंतीवर लावा

एका मोठ्या कागदावर जून ते मे असे बारा महिने आखा आणि लाल पेनने ‘लिहिणे होणार नाही’ असे आठवडे रंगवा. जून ते ऑगस्ट प्रवेश आणि सत्राची सुरुवात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिवाळी परीक्षा. डिसेंबरमध्ये गुणवत्ता कक्षाचा वार्षिक अहवाल, आणि त्याच सुमारास नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन. अधिवेशन चालू असताना आमदारांच्या तारांकित प्रश्नाची माहिती ‘आज दुपारी चारपर्यंत’ अशीच मागवली जाते, त्या काळात लेखाची मुदत कबूल करणे धोक्याचे. हिवाळ्यातच राष्ट्रीय रँकिंगची माहिती भरणे. मार्चमध्ये अधिसभेची अर्थसंकल्पी बैठक आणि आर्थिक वर्षअखेर. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणी.

रंगवून झाले की जे पांढरे उरते ते मोजा. साधारणपणे सप्टेंबर, जानेवारीचा पहिला पंधरवडा, फेब्रुवारीचे काही दिवस, दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्याचा उत्तरार्ध. नव्या लेखाचा पहिला खर्डा यांतल्याच कुठल्या तरी पट्ट्यात बसवायचा. लाल आठवड्यांत संदर्भ तपासणे, आकृत्या सुधारणे, परीक्षकांच्या किरकोळ शंकांना उत्तरे देणे अशी सुटी कामे ठेवा. लाल आठवड्यात नवे प्रकरण लिहायला बसणारा माणूस तीन दिवसांत स्वतःवरच चिडतो, आणि चौथ्या दिवशी बसणेच सोडून देतो.

सुट्टीबद्दल एक गोष्ट नव्यांना हमखास माहीत नसते. सुट्टीत कामासाठी थांबावे लागले तर त्या काळाच्या एक तृतीयांश अर्जित रजा जमा होते. पण त्यासाठी थांबण्याचा आदेश सुट्टीपूर्वी लेखी निघालेला लागतो. तो मागून घ्या. तोंडी ‘तुम्हाला थांबावं लागेल’वर रजा जमा होत नाही.

पायरी ५: पदाला साजेल असा प्रश्न निवडा

सगळ्या प्रकारचे संशोधन पदाबरोबर चालत नाही. रोज आठ तास प्रयोगशाळेत उभे राहणे किंवा सलग तीन महिने खेड्यात मुक्काम हे विभागप्रमुखाला जमणारे नाही. उपलब्ध आकडेवारीचे विश्लेषण, सैद्धांतिक काम, जमवून ठेवलेल्या क्षेत्रकार्याच्या नोंदींचे लेखन, हस्तलिखिताची संहिता लावणे, आढावा लेख ही कामे चालतात, कारण ती मध्येच थांबवून पुन्हा हातात घेता येतात.

पुण्यातच याची तीन वेगवेगळी उदाहरणे आहेत. डेक्कन कॉलेजमध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. शेकडो ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढायच्या, त्या लावायच्या, मग संपादन करायचे अशी त्याची रचना होती. चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. संचालक कोणत्याही बैठकीत असला तरी चिठ्ठीचे काम थांबत नव्हते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असताना वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास केला. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा मोठा आधार राष्ट्रीय नमुना पाहणीची उपलब्ध आकडेवारी हा होता. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची १९८८ मध्ये उभारणी करून २००३ पर्यंत तिचे संचालकपद सांभाळणाऱ्या जयंत नारळीकरांनी याच काळात, १९९३ मध्ये, फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह विश्वाच्या अर्धस्थिर अवस्थेचे प्रारूप मांडले. काम लहान घटकांत तोडणे, दुसऱ्यांनी गोळा केलेली सामग्री वापरणे आणि तुल्यबळ सहकारी असणे, या तिन्हींपैकी किमान एक गोष्ट तुमच्या प्रश्नात असायला हवी.

प्रयोगाधिष्ठित विषय असेल तर सहअन्वेषक नेमा आणि ते निधी देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. नुसते ‘तो बघतो’ असे चालत नाही. उपकरण बंद पडले की दुरुस्तीच्या पत्रावर प्रमुख अन्वेषकाचीच सही लागते, आणि तुम्ही नेमके त्या दिवशी विद्यापरिषदेच्या बैठकीत असता.

दोन तासांत प्रत्यक्ष काय करायचे

बसण्याची पहिली वीस मिनिटे ‘मागच्या वेळी कुठे होतो’ हे शोधण्यात जातात, आणि सहा तासांतला एक तास असाच संपतो. यावर साधा उपाय आहे. उठण्याआधी शेवटची पाच मिनिटे राखून लेखाच्या फाइलच्या अगदी वर ‘पुढचे पाऊल’ लिहा. ‘लेख पूर्ण करणे’ असे लिहून काही उपयोग नाही. असे लिहा: ‘तक्ता ३ मध्ये नांदेड आणि लातूरच्या नोंदी दोनदा आल्या आहेत. मूळ फाइलशी ताडून एक काढायची. मग चौथ्या परिच्छेदाचे पहिले वाक्य बदलायचे, आता ते चुकीचे ठरते.’ दोन दिवस परीक्षेच्या गोंधळात घालवून परत बसलेल्या माणसालाही हे वाचून लगेच हात घालता येतो.

एका वेळी दोनच लेख टेबलावर ठेवा, एक लिहिण्याच्या टप्प्यावर आणि एक सुधारण्याच्या. तिसरा कितीही खुणावत असला तरी तो पहिल्या पायरीतल्या कागदावरच राहू द्या. परीक्षकांचे उत्तर आले की मात्र बाकी सगळे बाजूला. ताज्या आठवणीत दुरुस्ती आठवड्यात होते, दोन महिन्यांनी तीच महिना खाते.

वर्षाला स्वतःच्या हाताने लिहिलेला एक चांगला लेख आणि विद्यार्थ्यांबरोबरचे एक-दोन, हे उद्दिष्ट पुरेसे आहे. सहयोगी प्राध्यापक असताना विभागप्रमुख झालेल्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. शिक्षकांच्या पात्रतेच्या त्याच २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीला किमान दहा लेख लागतात आणि त्यांतले तीन मूल्यांकनाच्या काळातले असावे लागतात. प्रशासकीय जबाबदारी ही इतर उपक्रमांत मोजली जाते, पण ती लेखांची जागा घेत नाही. ‘इतकी वर्षे विभाग सांभाळला’ हे निवड समितीला सांगून ती उणीव भरून निघत नाही.

घाईत असलेल्या माणसाला गाठणारी नियतकालिके पुष्कळ आहेत. तीन दिवसांत स्वीकृती, पैसे भरा, पुढच्या अंकात लेख. आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर आली आहे. संपादक मंडळातल्या दोन जणांची नावे त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत का ते पाहा. मागच्या दोन अंकांतले एकेक लेख खरोखर वाचा. एवढे पुरते. असा एक लेख विभागप्रमुखाच्या नावावर निघाला की विभागातल्या विद्यार्थ्यांना तोच रस्ता मोकळा होतो.

पायरी ६: विद्यार्थी

विभागप्रमुखाच्या संशोधनाचा पहिला फटका त्याच्या विद्यार्थ्यांना बसतो. केबिनबाहेरच्या बाकावर प्रकरणाची प्रिंट मांडीवर घेऊन दोन-दोन तास बसलेली मुले प्रत्येक विद्यापीठात दिसतात. हे टाळता येते. शनिवारी सकाळी दोन तास राखा, सहा विद्यार्थ्यांना वीस-वीस मिनिटे. आदल्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने एक पान पाठवायचे: आठवड्यात काय झाले, कुठे अडले, काय विचारायचे आहे. पान आले नाही तर त्याची वेळ दुसऱ्याला. पान वाचून बसलात तर वीस मिनिटे भरपूर होतात.

प्रकरण संपूर्ण मागू नका, वीस-पंचवीस पानांचा तुकडा मागा आणि दहा दिवसांत परत करा. शंभर पानांचा गठ्ठा ‘निवांत वाचू’ म्हणून कपाटात जातो. संशोधन सल्लागार समितीसमोर विद्यार्थ्याला दर सत्रात उभे राहायचे असते. सगळ्या विद्यार्थ्यांच्या या बैठका सत्रातल्या सलग दोन दिवसांत लावा, तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच बाहेरच्या सदस्यांना कळवा. विद्यार्थ्यांची कच्ची सामग्री विभागाच्या सामायिक साठ्यात, तारखेने सुरू होणाऱ्या नावांनी ठेवायला लावा. तुम्ही प्रवासात असताना ‘ती फाइल माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे’ हे ऐकावे लागणार नाही.

पायरी ७: प्रकल्पाचे पैसे मार्चपर्यंत ठेवू नका

खरेदी ऑक्टोबरच्या आत सुरू करा. तांत्रिक तपशील ठरवणे, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर निविदा, तांत्रिक छाननी, आदेश, पुरवठा, बसवणी, जडसंग्रह नोंद, देयक. यातली प्रत्येक पायरी दोन-तीन आठवडे खाऊ शकते. जानेवारीत सुरू केलेली खरेदी ३१ मार्चला अर्धवट राहते, रक्कम परत जाते किंवा पुढच्या वर्षी वापरण्यासाठी परवानगी मागावी लागते. सर्वांत जास्त आक्षेप तपशिलात एकाच कंपनीचे नाव किंवा फक्त तिलाच लागू पडेल असे माप लिहिल्याने येतात. कामगिरी लिहा, नाव नको.

वर्ष संपले की खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्राच्या निधीला ते सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नमुना १२-अ मध्ये द्यावे लागते. अडते ते बहुधा एकाच ठिकाणी: खात्यावर मिळालेले व्याज दाखवलेले नसते, किंवा विवरणातली शिल्लक आणि प्रमाणपत्रातली शिल्लक जुळत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वित्त विभागातल्या संबंधित लिपिकाशेजारी बसून दोन्ही कागद ताडून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. ते राहिले तर पुढचा हप्ता थांबतो, आणि प्रकल्पावर नेमलेल्या मुलाचे मानधन थांबते. त्याच्या खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावेच लागते.

नावे कोणाची

विभागप्रमुख झाल्यावर सहकारी आपणहून त्यांच्या लेखावर तुमचे नाव घालायला येतात. उपकरण विभागाचे होते, परवानगी दिली होती, म्हणून. नम्रपणे नकार द्या आणि ऋणनिर्देशात उल्लेख पुरे म्हणून सांगा. ज्याने कामाच्या आखणीत किंवा विश्लेषणात भाग घेतला, मजकूर लिहिला किंवा तपासला, अंतिम रूप मान्य केले आणि जो त्याबद्दल उत्तर देऊ शकतो, त्याचेच नाव. लेख पुढे मागे घ्यावा लागला तर ‘मी वाचला नव्हता’ म्हणता येत नाही. स्वतःच्या विद्यार्थ्याविरुद्ध वाङ्मयचौर्याची तक्रार आली किंवा स्वतःच्या प्रयोगशाळेच्या खरेदीचा विषय निघाला, तर बैठकीतून उठा आणि तसे इतिवृत्तात नोंदवा.

पायरी ८: चार्ज देताना

शेवटच्या सहा महिन्यांची सुरुवात जडसंग्रह पडताळणीने करा, कारण तिला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि न सापडलेल्या वस्तूची पत्रे पद गेल्यावरही वर्षानुवर्षे येत राहतात. प्रलंबित फाइली, न्यायालयीन प्रकरणे, माहिती अधिकाराचे अर्ज, सर्व पोर्टलांचे पासवर्ड यांची यादी करून पुढच्या विभागप्रमुखाची पोच घ्या.

याच सुमारास सबॅटिकल रजेचा, म्हणजे संशोधनासाठी मिळणाऱ्या दीर्घ रजेचा, अर्ज तयार ठेवा. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षांची सेवा झालेल्या पूर्णवेळ, कायम शिक्षकाला ती मिळू शकते, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष आणि संपूर्ण सेवेत दोन वर्षे. अध्ययन रजा घेतली असेल तर त्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते. मंजुरीला वेळ लागतो आणि तुमच्या तासांची पर्यायी व्यवस्था दाखवावी लागते, म्हणून चार्ज देण्याच्या किमान सहा महिने आधी अर्ज आस्थापना विभागात गेलेला असावा. सोबत संशोधनाचा आराखडा जोडायचा असतो. त्यासाठी नवा विषय शोधत बसू नका. पहिल्या पायरीत आखलेला चार रकान्यांचा कागद काढा, जी कामे अजून खोडलेली नाहीत ती तशीच आराखड्यात उतरवा, आणि प्रत्येकापुढे महिना लिहा.